कडी न लागलेलं सोनं

हे पुस्तक मराठी मुलखात चाललेल्या, साठवलेल्या आणि पुरलेल्या सोन्याच्या नाण्यांविषयी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून राणी व्हिक्टोरियाच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे १६७४ ते १९०१ असा सव्वादोनशे वर्षांचा काळ त्यात घेतला आहे. होन, फलम, मोहर, पुतळी, ईस्ट इंडिया कंपनीची मोहर, राणीछाप मोहर, गिनी हे सगळं त्यात येतं. या नाण्यांवर याआधी लिहिलं गेलेलं नाही असं मुळीच नाही. केनेथ विगिन्स आणि के. के. माहेश्वरी यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा १९८९ सालचा इंग्रजी ग्रंथ अजूनही या वाटेवरच्या प्रत्येकाला हाताशी ठेवावा लागतो. पण नाणं कुठलं, कुणाचं, कोणत्या सालचं हे सांगून झालं की बहुतेक पुस्तकं थांबतात. ते नाणं आपल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचलं आणि तसंच का पोचलं, हा प्रश्न किमतीच्या रकान्यात जाऊन पडतो. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटतो, आणि हे पुस्तक त्याच्याचसाठी लिहिलं आहे.

सुरुवात पुण्यापासून दूर, अमेरिकेतून करतो. उत्तम अवस्थेतल्या सोन्याच्या नाण्याचा शोध जितक्या पद्धतशीरपणे तिथे घेतला गेला, तितका क्वचितच कुठे घेतला गेला असेल. १८२२ सालचं पाच डॉलरचं नाणं घ्या. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या दप्तरी त्या सालचे १७,७९६ नग नोंदलेले आहेत. आज माहीत असलेली नाणी तीन. त्यांतली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, म्हणजे बाजारात येऊ शकेल असं एकच. ते मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकलं गेलं. बाकीची सतरा हजारांवर नाणी मुशीत गेली. त्या काळात अमेरिकी नाण्यातलं सोनं नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा महाग झालं होतं. व्यापारी ती गोळा करून युरोपात पाठवत, तिथे ती वितळत. १८३४ मध्ये कायदा करून नाण्यातलं सोनं कमी केलं गेलं, तेव्हा कुठे ही गळती थांबली.

पुढे १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८५० पासून वीस डॉलरची जाडजूड नाणी निघू लागली. ही नाणी संख्येने भरपूर, पण त्यांची चाल वेगळी होती. पोत्यांत भरून ती एका बँकेतून दुसरीत, एका बंदरातून दुसऱ्यात जात. सोनं मऊ. एका नाण्याची कड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपटली की व्रण उमटलाच. शार्लट, डलोनेगा, कार्सन सिटी अशा छोट्या टांकसाळींची नाणी तर लोकांनी मनसोक्त वापरली, कारण त्या भागात कागदी पैशावर कुणाचा विश्वास नव्हता. परिणाम असा की आज तिथल्या एखाद्या सालचं झिजलेलं नाणं पैसे मोजले की मिळतं, पण टांकसाळीतून काल बाहेर पडल्यासारखं नाणं पिढीत एखाद्याच वेळी समोर येतं. दुर्मिळता दोन प्रकारची असते, हे अमेरिकी संग्राहकांनी फार लवकर ओळखलं: एक नगांची, दुसरी अवस्थेची.

ही अवस्था मोजायला त्यांनी पट्टीही केली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. साठ आणि त्यावर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. १९८० च्या दशकात श्रेणी ठरवून नाणं प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि एकेका अंकावर किंमत दुपटीतिपटीने बदलू लागली. याचा अतिरेक झाला हे खरं. डबीवरचा आकडा विकत घेणारे आणि आतल्या नाण्याकडे न बघणारे लोक तिथेही आहेत, इथेही होऊ लागले आहेत. पण त्या १८२२ च्या नाण्याची श्रेणी किती होती? पन्नास. म्हणजे ते थोडंफार वापरलेलं होतं. उरलेल्या तीन नाण्यांतलं एक असल्यावर झिजेचा हिशेब मागे पडतो. चांगला संग्राहक आकडा आणि दुर्मिळता एकमेकांवर तोलत असतो, आणि हे तोलणं शिकण्यात वर्षं जातात.

आता कायद्याचा एक तपशील, कारण त्यातून आपला आणि त्यांचा फरक स्पष्ट होतो. ५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांना सोनं सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. कोट्यवधी डॉलरची नाणी वितळली. पण त्याच हुकमात दुर्मिळ आणि संग्राहकांच्या लेखी विशेष मोल असलेल्या नाण्यांना स्पष्ट सूट होती. आपल्याकडे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ मध्ये कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत राहिला. सुरुवातीच्या नियमांत दागिन्यांना मोकळीक होती, दागिना नसलेल्या सोन्याची मात्र सरकारकडे नोंद द्यावी लागे. अशा दिवसांत घरातलं सुटं नाणं माळेत ओवून टाकणं किंवा सराफाकडून आटवून घेणं अनेकांना सोयीचं वाटलं असणार, असा माझा तर्क आहे. आपल्या मुलखातल्या नाण्यांची अवस्था ज्या कारणांनी बिघडली त्यांतलं हे अलीकडचं कारण. मोठं आणि जुनं कारण आपल्या आवडीत आहे.

मराठी घरात सोन्याचं नाणं गल्ल्यापेक्षा गळ्यात आणि देव्हाऱ्यात जास्त राहिलं. रोजच्या बाजाराला तांब्याची शिवराई आणि चांदीचा रुपया होता. सोनं सणाला, लग्नाला, नजराण्याला आणि अडीअडचणीला. त्यामुळे हातोहात फिरून झिजण्याचं भय इथे कमी होतं, आणि त्या हिशेबाने आपल्याकडे उत्तम अवस्थेतली सोन्याची नाणी भरपूर असायला हवी होती. ती नाहीत. कारण नाणं घरात आलं की त्याला कडी लागे. सोनार कडेवर डाग देई, म्हणजे वितळत्या सोन्याच्या सांध्याने कडी चिकटवी. त्या उष्णतेने बाजूची दोनचार अक्षरं सपाट होत. नाहीतर सरळ भोक पाडून दोरा ओवला जाई. मग वर्षानुवर्षं अंगाखांद्यावर घासण. दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून चकचकीत करणं. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू, मग पुन्हा धुणं. यात कुणाचा दोष नाही. ज्या बाईने ती माळ घातली तिच्या लेखी ते सोनं जिवंत होतं, आणि तिच्यामुळेच ते निदान उरलं तरी. पण नाण्याचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर ठसा उमटवणाऱ्याच्या हाताची खूण असते, तो त्यात गेला.

पुतळीची माळ हे याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. व्हेनिसच्या डुकाट या नाण्यावर एका बाजूला संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला येशू अशी चित्रं असत. साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं शतकानुशतकं अरबी समुद्राच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर येत राहिलं. त्याच्या शुद्धतेवर इतका भरवसा बसला की आपल्या सोनारांनी त्याच छापाचे पातळ पत्रे ठोकून माळा घडवल्या. मूळ व्हेनिसचं नाणं आणि इथली पुतळी ही दोन्ही आज जुन्या माळांत शेजारी शेजारी सापडतात. ओळखायचं कसं, यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एवढंच सांगतो: वजन करा आणि लॅटिन अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. इथल्या कारागिराला ती लिपी येत नव्हती, त्यामुळे त्याच्या ठशात अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा उरतात.

शिवराई होनाकडे येतो. जून १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याच सुमारास महाराजांच्या नावाचं सोन्याचं आणि तांब्याचं नाणं पडू लागलं. तांब्याची शिवराई पुढे इतकी वर्षं आणि इतक्या ठिकाणी पाडली गेली की ती आजही जुन्या बाजारात मूठभर मिळते. सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजावा इतका कमी. नाणं अगदी छोटं, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, आणि भोवती ठिपक्यांचं वलय. चांगला होन भिंगाखाली धरला की काही गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. ठिपके एकसारखे नसतात. ठसा कोरणाऱ्याने ते एकेक करून टोचलेले असतात आणि एखाद्या जागी दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. अक्षराची उभी रेघ खाली जाताना किंचित जाड होते. सोन्याची चकती ठशापेक्षा लहान असेल तर वलयाचा एक तुकडा चकतीबाहेर राहून जातो. घासलेल्या होनावर यातलं काहीही उरत नाही, फक्त वाचता येतील अशी अक्षरं उरतात. दोन होन एकाच ठशातून निघाले का, एका टांकसाळीचे का, आधीचे की नंतरचे, हे सगळं या बारीक खुणांवरून ठरवायचं असतं. उत्तम अवस्थेतलं नाणं हवं ते यासाठी. तो धनिकांचा चोखंदळपणा म्हणून सोडून देता येत नाही.

त्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. महाराजांच्या सुवर्णतुलेला सुमारे सोळा हजार पगोडे, म्हणजे होन, लागले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. दक्षिणेतला होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर हे वजन ५४ किलोच्या घरात जातं. आकडा माणसाच्या वजनाशी जुळतो, म्हणून मला ती नोंद विश्वासार्ह वाटते. त्या तुलेत कोणकोणते होन होते कोण जाणे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी आहे तीत पुतळ्या, पातशाही होन, देवराई, अच्युतराई, धारवाडी अशी कितीतरी नावं येतात आणि शिवराई त्यांतलीच एक. म्हणजे स्वराज्याच्या खजिन्यात विजयनगरचं, आदिलशाहीचं आणि व्हेनिसचं सोनं एकत्र नांदत होतं. ऑक्झिंडनने तहाच्या बोलण्यात कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं असं कलम घातलं होतं. महाराजांनी ते तहात घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की आपण कोणतंच नाणं अडवत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्तीही तिच्यावर करणार नाही. कंपनीचं नाणं वजनाला आणि कसाला इतरांच्या तोडीचं असेल तर ते आपोआप चालेल. चलनाच्या बाबतीत इतकी स्वच्छ भूमिका त्या शतकात फार थोड्या राज्यकर्त्यांनी घेतलेली दिसते.

पेशवाईत सोन्याची जागा रुपयाने घेतली. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया मोगल बादशहाच्या नावाने, फारसी लिपीत आणि ‘मुहियाबाद पुणे’ या टांकसाळीच्या नावाने पडत असे. त्यावरचं अंकुशाचं चिन्ह ही पुण्याची खूण. १८१८ नंतर इंग्रजांनीही काही वर्षं हाच रुपया फसली साल घालून पाडला. तो चांदीचा असला तरी त्याचा उल्लेख इथे करावा लागतो, कारण अवस्था मोजण्याचा खरा पेच त्याच्यापाशी उभा राहतो. या रुपयाचा ठसा चकतीपेक्षा बराच मोठा. कितीही ताजा रुपया घेतला तरी त्यावर मजकुराचा जेमतेम निम्मा भाग उतरलेला असतो. अमेरिकी पट्टीने बघितलं तर एखादा रुपया ६३ श्रेणीचा ठरतो, पण त्यावर ना साल पूर्ण, ना टांकसाळीचं नाव. दुसरा रुपया ४५ चा, जरा झिजलेला, पण साल, अंकुश आणि ‘मुहियाबाद’ तिन्ही चकतीवर आलेले. मी दुसरा घेईन, आणि तुम्हीही तोच घ्यावा असं सुचवेन. यंत्रावर पडलेल्या नाण्यासाठी तयार झालेली पट्टी हातोड्याखाली पडलेल्या नाण्याला जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक नाण्याची झीज, छापाची पूर्णता, ठसा मधोमध बसला आहे की सरकला आहे, आणि नंतर झालेली इजा, हे चार वेगळे शेरे दिले आहेत. त्यांची बेरीज करून एक आकडा काढायचं मी मुद्दाम टाळलं आहे. सराफाने पारखताना मारलेला छोटा ठसा मी इजेत धरत नाही. तो त्या नाण्याच्या व्यवहाराचा पुरावा आहे.

१ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच नाणं सुरू झालं आणि हातोड्याचा काळ मागे पडू लागला. चौथ्या विल्यमची १८३५ ची मोहर आणि व्हिक्टोरियाची १८४१ ची मोहर ही एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानातली सर्वांत देखणी सोन्याची नाणी आहेत असं माझं मत आहे. मागच्या बाजूला ताडाच्या झाडापुढून चालणारा सिंह, खाली इंग्रजीत आणि फारसीत किंमत. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि सोनं बावीस कॅरेट. आपल्या आज्या ज्याला तोळा म्हणत तो हाच. आजच्या दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्याच्याशी गल्लत करू नये. या मोहरांना अमेरिकी पट्टी नीट लागू पडते, कारण त्या यंत्रावरच्या आहेत. सिंहाची आयाळ आणि राजाच्या किंवा राणीच्या कानावरचे केस या दोन जागा आधी झिजतात, तिथे भिंग लावून बघायचं. मोहर रोजच्या व्यवहारात फारशी नव्हतीच, कारण १८३५ नंतर ती कायदेशीर चलन राहिली नाही. तरीही निर्दोष मोहर फार कमी दिसते. वर सांगितलं तेच कारण: कडी, भोक, घासणं. त्यात आणखी एक भर. टांकसाळीने पुढच्या काळात संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून काही नाणी पुन्हा पाडून दिली. आरशासारखी चकाकी असलेली १८३५ ची मोहर समोर आली तर आधी ही शंका घ्यावी.

सोनं जमिनीतही राहिलं, आणि तिथे ते सर्वांत चांगलं राहिलं. मातीत चांदी काळवंडते, तांबं हिरवं पडतं, सोन्याला काहीच होत नाही. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी जप्त केली. चिखली भागात बांधकामाचं खोदकाम चालू असताना ती मजुरांना सापडली होती. वजन २,३५७ ग्रॅम. जाणकारांनी ती १७२० ते १७५० च्या दरम्यानची, बादशहा मोहम्मद शहाच्या काळातली ठरवली. भागाकार करून बघा: एका नाण्याला सुमारे १०.९ ग्रॅम, म्हणजे मोगल मोहरेचं वजन अगदी बरोबर. त्या काळात मोहरेला चौदा रुपयांच्या आसपास भाव धरला तर हा ऐवज तीन हजार रुपयांवर जातो. शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला तेव्हा त्याला १६,११० रुपये खर्च आल्याचं सांगतात. चिखलीत कुणीतरी त्याच्या पाचव्या हिश्शाइतकं सोनं मातीत पुरून ठेवलं आणि परत न्यायला तो माणूस आलाच नाही. तो सावकार होता, सरदार होता की वाटेवरचा व्यापारी, हे ठरवायला नाण्यांची सालं, टांकसाळी आणि ती कोणत्या क्रमाने, किती खोलीवर होती हे कळायला हवं. खोदणाऱ्याच्या फावड्याने पहिल्याच दिवशी त्यातलं बरंच पुसलं.

याच्या शेजारी दुसरा ठेवा ठेवून बघतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला स्वतःच्या जागेत फिरताना गंजलेले डबे दिसले. आठ डब्यांत १,४२७ सोन्याची नाणी होती, १८४७ ते १८९४ या सालांची, बहुतेक सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची. वीस डॉलरची १,३७३, दहाची ५० आणि पाचची ४, मिळून दर्शनी किंमत २७,९८० डॉलर. त्यांनी ती जाणकारांकडे नेली. एकेक नाणं काळजीपूर्वक स्वच्छ केलं गेलं, श्रेणी ठरली, छायाचित्रं निघाली, यादी प्रसिद्ध झाली आणि मग विक्री. त्यातलं १८६६ सालचं वीस डॉलरचं एक नाणं त्या प्रकारातल्या सर्वोत्तम नाण्यांत गणलं गेलं. त्या जोडप्याची नावं आजवर बाहेर आली नाहीत, पण नाण्यांची नोंद मात्र सगळ्या जगासाठी खुली झाली.

फरक माणसांच्या नीतीत शोधू नये. आपला निखात निधीचा कायदा १८७८ सालचा. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, न कळवणं गुन्हा. मालक सापडला नाही तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला, असंही त्यात आहे. पण सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचा ठरवला तर द्यायची रक्कम कशी काढायची? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. नाणं दुर्मिळ आहे, निर्दोष आहे, इतिहासाच्या दृष्टीने एकमेव आहे, याला कायद्यात जागाच नाही. ज्या मजुराला सापडलं त्याला हा कायदा माहीत नसतो, आणि माहीत असला तरी धातूच्या भावावर त्याचा विश्वास बसत नाही. मग ठेवा गुपचूप वाटला जातो किंवा आटवला जातो. हा कायदा बदलायला हवा. दुर्मिळतेचं मोल धरून मोबदला ठरला आणि तो लवकर मिळाला तर पुढचा ठेवा पोलिसांच्या जप्तीऐवजी संग्रहालयाच्या दारी येईल.

घासण्याबद्दल आणि खोट्या नाण्यांबद्दल थोडं. शिवराई होनाला मागणी वाढली तसे खोटे होन सुळसुळाट व्हावा इतके आले. बरेचसे ओतीव असतात: पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा मऊ, आणि कडेवर साच्याची सांध घासून काढल्याची खूण. ठोकलेल्या नाण्यात धातू ठशाखालून बाहेर सरकतो, त्यामुळे कडेवर बारीक चिरा दिसतात. या चिरांना घाबरू नये, त्या बघून आनंद व्हावा. सराफाकडे नेलं तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. आता बऱ्याच दुकानांत कॅरेटमीटर आहे, त्याला नाण्याला हात लावावा लागत नाही. घरी तराजू, दोरा आणि पाण्याची वाटी यांवरही काम भागतं: हवेतलं वजन आणि पाण्यातलं वजन यांवरून विशिष्ट गुरुत्व काढायचं. शुद्ध सोन्याचं १९.३ येतं, बावीस कॅरेटचं सुमारे १७.७. चौदाच्या खाली आलं तर गोष्ट संपली.

पुण्यात या विषयाला जागा आहे आणि परंपराही आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं, तिथे कागदांबरोबर नाणीही आली. कौन्सिल हॉलजवळच्या पेशवे दप्तरात टांकसाळींचे परवाने, बट्ट्याचे हिशेब आणि नाण्यांच्या तक्रारी आहेत. नाण्याचा अभ्यास करणाऱ्याने मोडी शिकावी ती यासाठी. दरवर्षी भरणाऱ्या कॉइनेक्स पुणे या प्रदर्शनात शाळकरी मुलं तांब्याची शिवराई भिंगाखाली धरून अक्षर लावताना दिसतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेरी मारणारे रसिक आहेत, रविवार पेठेतल्या सराफांपैकी नाण्यावर नजर पडताच ते मुशीत टाकायला का कू करणारेही आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांच्या छायाचित्रांचा मोठा साठा जपला आहे. एवढं सगळं असताना आपल्या घराघरांतल्या सोन्याच्या नाण्यांची नोंद मात्र जवळपास कुठेच नाही. ज्या देशातून शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार बाहेर नेता येत नाही, त्या देशात नोंद आपणच करायला हवी.

पुस्तक कसं वाचावं हे थोडक्यात. पहिली चार प्रकरणं ओळखण्याची, पुढची दोन अवस्थेची, शेवटचं जपणुकीचं. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या छापून होईपर्यंत शिळ्या होतात, आणि किमतीवरून सुरू झालेला संग्रह किमतीवरच थांबतो. छायाचित्रांत झिजलेली आणि कडी लागलेली नाणीही आहेत, कारण बहुतेक वाचकांच्या घरी तशीच असतील, आणि ज्या होनाला भोक आहे तोही होनच आहे.

तुमच्या घरी, देव्हाऱ्यात, लॉकरमध्ये किंवा आजीच्या माळेत असं एखादं नाणं असेल तर चार गोष्टी करा. त्याला धुऊ नका, घासू नका, नवी कडी लावू नका. दशांशात वजन दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन करा. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रं शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. आणि ते घरात कुणी, कुठून, कोणत्या निमित्ताने आणलं हे, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतंय तोवर, एका कागदावर लिहून नाण्यासोबत ठेवा. सोन्याचा भाव चढला म्हणून मोडीत घालायच्या आधी ते एखाद्या जाणकाराला नक्की दाखवा.